वाङ्मयचौर्याचा आरोप आणि शंभर कवींचा खेळ

धनुष्य उचलणारा किंवा लक्ष्य भेदणारा वीर, आणि त्या पराक्रमाच्या क्षणी हातात वरमाला घेऊन उभी असलेली राजकन्या, हे चित्र आपल्या मनात इतके खोल रुजले आहे की ते प्रथम कोणी काढले हा प्रश्न आपणांस सुचतही नाही. मिथिलेच्या राजसभेत ते आहे, पांचालराजाच्या मंडपातही आहे. दोन्हीकडे पण लावलेला आहे, दोन्हीकडे गर्विष्ठ राजे हरून खाली बसतात, आणि दोन्हीकडे ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते असा तरुण पुढे येऊन जिंकतो. दूर ग्रीस देशात, होमरच्या महाकाव्यात, वीस वर्षांनी घरी परतलेला राजा भिकाऱ्याच्या वेषात आपलेच धनुष्य वाकवितो आणि आपली पत्नी परत मिळवितो. तरीही व्यासांनी वाल्मीकींची कथा चोरली असा दावा आजवर कोणी मांडला नाही. खेळ आणि प्रेम यांची गाठ मारणारी कथा ही साऱ्या मानवजातीची सामाईक मिळकत आहे, हे आपण न सांगता मान्य केलेले आहे.

मग एका फुटबॉलपटूच्या प्रेमाच्या दोन एकांकिका एकसारख्या निघाल्या म्हणून गाव दुभंगावा काय? हा प्रश्न आमच्यापुढे काल्पनिक म्हणून आला नाही. आमच्याच भागातील एका देवस्थानच्या वार्षिक उत्सवात दोन वाड्यांतील तरुणांनी लागोपाठच्या रात्री दोन एकांकिका करावयाच्या ठरविल्या होत्या. पहिल्या रात्रीच्या नाटकात एक गरीब गोलरक्षक, प्रतिपक्षाच्या कर्णधाराची बहीण, दुखावलेला गुडघा आणि शेवटचा सामना. दुसऱ्या रात्रीच्या नाटकाची तालीम पाहून आलेल्या मंडळींनी सांगितले की, तेथेही गोलरक्षक, तेथेही बहीण, तेथेही गुडघा! झाले. पहिल्या लेखकाच्या चाहत्यांनी सभामंडपाच्या पायऱ्यांवरच निकाल दिला. दुसरे नाटक रद्द झाले, आणि त्याचा लेखक, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, 'चोर' या एका शब्दाने ओळखला जाऊ लागला. विशेष हे की, पहिल्या लेखकाने स्वतः तक्रार केलीच नव्हती. तक्रार त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांची होती.

तो पोरगा आपली वही घेऊन आमच्याकडे आला आणि दारातच म्हणाला, "वकीलबाब, हांवें कितेंच चोरूंक ना." आम्ही वही ठेवून घेतली, पहिल्या लेखकाचीही मागवून घेतली, आणि निकाल देण्यापूर्वी या विषयाचा थोडा इतिहास चाळला. त्या वाचनात जपानमधील एक प्रकरण आमच्या विशेष ध्यानी आले. ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. कारण आरोप, शिक्षा आणि प्रायश्चित्त या तिन्ही गोष्टी त्यात इतक्या स्पष्ट दिसतात की तसे उदाहरण क्वचित सापडेल.

जपानमध्ये चित्रकथेला 'मांगा' म्हणतात. आपल्याकडे चित्रकथा म्हटली की मुलांची करमणूक एवढेच डोळ्यांपुढे येते. तेथे मात्र प्रौढ स्त्रीपुरुषही त्या साप्ताहिकांतून व मासिकांतून नेमाने वाचतात, आणि तिचे लेखक आपल्याकडील कादंबरीकारांइतके मान्यता पावलेले असतात. ताकेहिको इनोउए हा असाच एक नामवंत चित्रकथाकार. त्याची 'स्लॅम डंक' ही बास्केटबॉलवरील कथा १९९० ते १९९६ या काळात शूएइशा या प्रकाशनसंस्थेच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. एक दांडगट विद्यार्थी एका मुलीच्या मनात भरावे म्हणून बास्केटबॉलच्या संघात जातो, आणि हळूहळू त्या खेळावरच त्याचे प्रेम जडते, असा तिचा गाभा आहे. तिने जपानमधील एका पिढीला बास्केटबॉलचे वेड लावले.

युकी सुएत्सुगु ही दुसरी चित्रकथाकार. तिचा जन्म १९७५ चा आणि पहिली कथा १९९२ सालची. म्हणजे शाळकरी वयातच ती या व्यवसायात आली. 'एदेन नो हाना', म्हणजे ईडनचे फूल, ही तिची प्रेमकथा कोदान्शा या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या मुलींसाठी असलेल्या मासिकात २००० पासून चार वर्षे चालली आणि तिचे बारा भाग निघाले. पुढे २००५ च्या ऑक्टोबरात वाचकांच्या ध्यानी आले की, या कथेतील बास्केटबॉलच्या खेळाची दृश्ये आपण पूर्वी कोठेतरी पाहिलेली आहेत. त्यांनी दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवली. उडी मारणाऱ्या देहाचा तोच बाक, चेंडूवर पसरलेली तीच बोटे, वळलेल्या मानेचा तोच कोन. 'स्लॅम डंक'मधून आणि इनोउएच्याच 'रिअल' या दुसऱ्या कथेतून ती चित्रे उतरविलेली होती.

लेखिकेने दोष नाकारला नाही. जाहीर क्षमा मागितली. कोदान्शाने त्याच महिन्यात तिची चालू मालिका थांबविली आणि तिच्या सर्व पुस्तकांची विक्री बंद केली. आम्ही 'सर्व' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. ज्या पुस्तकांत उतरविलेले चित्र असल्याचे वाचकांनी दाखविले तेवढीच नव्हेत, तर १३ वर्षांत प्रसिद्ध झालेले तिचे सारे लेखन एका दिवसात दुकानांतून नाहीसे झाले. तेव्हा तिचे वय तीस होते.

कथेला एक उपकथाही आहे. वाचकांचे डोळे एकदा तीक्ष्ण झाले की ते एकाच दिशेने पाहत नाहीत. काहींनी लवकरच असे दाखवून दिले की, ज्याची चित्रे चोरीस गेली म्हणून सर्वजण हळहळत होते, त्या इनोउएच्या कित्येक चित्रांतील खेळाडूंची ठेवणही अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलपटूंच्या छायाचित्रांशी जुळते. छायाचित्र पाहून देहाची ठेवण शिकणे आणि दुसऱ्याची रेघ जशीच्या तशी गिरविणे या दोहोंत भेद आहे, असे त्याचे कैवारी म्हणाले. भेद आहे हे खरेच. पण तो भेद नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हेच तर ठरवावयाचे असते! सभामंडपाच्या पायऱ्यांवर ते ठरत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात या विषयावरील पायाभूत निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिला. तोही एका प्रेमकथेविषयीच होता, हा योगायोग मोठा बोलका आहे. आर. जी. आनंद यांनी १९५३ च्या सुमारास 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिले व ते १९५४ साली दिल्लीस रंगभूमीवर आले. एक पंजाबी कुटुंब, शेजारी एक मद्रासी कुटुंब, त्यांच्या मुलांचे प्रेम आणि प्रांताभिमानामुळे त्या प्रेमाला होणारा विरोध, असा त्याचा विषय. चित्रपटव्यावसायिकांनी ते नाटक लेखकाकडून ऐकलेही होते. पुढे १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा चित्रपट निघाला. त्यातही पंजाबी, त्यातही मद्रासी, त्यातही प्रेम! आनंद न्यायालयात गेले आणि खालपासून वरपर्यंत तिन्ही न्यायालयांत हरले.

सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले तत्त्व साध्या मराठीत असे मांडता येईल : कल्पना, विषय, कथाबीज, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर कोणाचीही मालकी नसते, मालकी असते ती त्या कल्पनेला लेखकाने दिलेल्या रूपावर, मांडणीवर आणि शब्दांवर. दोन्ही कृती पाहिल्यावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असा निःसंदिग्ध ठसा सामान्य प्रेक्षकाच्या मनावर उमटला, तरच हक्कभंग झाला असे म्हणावे. 'न्यू दिल्ली'त प्रांताभिमानाबरोबर घर भाड्याने मिळताना होणारा जाच आणि हुंड्याची चाल हेही विषय होते. मांडणी वेगळी होती. म्हणून नक्कल सिद्ध झाली नाही. अमेरिकेत न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी १९३० साली असाच निर्णय दिला होता. तेथे ज्यू आणि आयरिश कुटुंबांतील मुलांचे लग्न हा एका नाटकाचा व एका चित्रपटाचा समान विषय होता. भांडणाऱ्या दोन घरांतील मुलांचे प्रेम ही कल्पना कोणा एकाच्या नावावर करून देण्यास त्यांनीही नकार दिला.

आम्ही गोमंतकीय वाचकांना हे तत्त्व आमच्याच मातीतील एका दृष्टान्ताने सांगत असतो. गावकरीची, म्हणजे कोमुनिदादीची, जमीन साऱ्या गावकऱ्यांची असते. पण त्या जमिनीचा तुकडा कसावयास घेऊन ज्याने घाम गाळला, भात लावले, राखले, त्याचे पीक त्याचेच. कथाबीज ही गावकरीची जमीन आहे आणि शब्द हे पीक. शेजाऱ्याने भात लावले म्हणून तुम्ही भात लावू नये असा कायदा नाही. मात्र रात्री विळा घेऊन त्याच्या शेतात उतरू नये, एवढाच कायदा आहे. सुएत्सुगुने बास्केटबॉल खेळणारा नायक दाखविला ही तिची चूक नव्हतीच. तिने दुसऱ्याच्या शेतातील कणसे कापली, ही तिची चूक होती.

हा विवेक इंग्रजांनी आपल्याला शिकविला असा समज वकीलवर्गातही आढळतो. तो खरा नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात याच प्रश्नाचा विचार केला आहे. दोन कवींच्या कृतींत साम्य आढळते त्याला तो 'संवाद' म्हणतो आणि त्याचे तीन प्रकार सांगतो. पहिले साम्य बिंब-प्रतिबिंबासारखे, ज्यात दुसऱ्या कृतीला स्वतःचे शरीरच नाही. दुसरे मूळ वस्तू आणि तिचे चित्र यांच्यासारखे, ज्यात शरीर आहे पण जीव उसना आहे. तिसरे सारख्या दिसणाऱ्या दोन माणसांसारखे. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य, असा त्याचा निर्णय आहे. दोन माणसांचे नाकडोळे एकसारखे असले म्हणून एक दुसऱ्याची चोरी ठरत नाही, कारण प्रत्येकाचा प्राण त्याचा स्वतःचा असतो. 'निःसंदिग्ध ठसा' या कसोटीहून ही कसोटी आम्हांस कांकणभर अधिक सूक्ष्म वाटते.

त्यानंतर शतकाच्या आतच राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दांच्या व अर्थाच्या हरणावर स्वतंत्र अध्याय लिहिले. हा राजशेखर कनोजच्या दरबारी होता, पण आपला पणजोबा अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो, म्हणून तो आपणांस थोडा जवळचा. चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा व्यापारीही नाही, असा मिस्किल शेरा त्याच्या ग्रंथात आहे. त्याची पत्नी अवंतिसुंदरी हीही विदुषी होती. परक्याचे घेणारे कवी स्वतःशी कोणती कारणे देतात, त्यांची तिने केलेली यादी त्याने आदराने नमूद केली आहे : तो कवी अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध, त्याची भाषा वेगळी आहे, त्याचा ग्रंथ आता कोणी वाचत नाही. हजार-अकराशे वर्षांत या यादीत एकाही नव्या सबबीची भर पडलेली नाही!

आणि आपल्या संतपरंपरेत तर या गुन्ह्याचे नावच प्रसिद्ध आहे. तुकोबांच्या अभंगांतील त्यांची नाममुद्रा काढून तेथे स्वतःची घालणारा आणि ते अभंग आपले म्हणून कीर्तनात गाणारा सालोमालो कोणाला ठाऊक नाही? १९३६ च्या 'संत तुकाराम' या प्रभातच्या चित्रपटामुळे तो घरोघरी पोचला. गाथेतही त्याच्यावरील अभंग आहेत. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, पांडुरंगाची भक्ती हा विषय सालोमालोने घेतला म्हणून तुकोबांनी त्याला दोष दिला नाही. तो विषय ज्ञानदेव-नामदेवांपासून सर्वांचा होता, आणि तुकोबांनी तो स्वतःही पूर्वसूरींकडूनच घेतला होता. दोष होता तो दुसऱ्याच्या शब्दांवर आपले नाव कोरण्याचा. आमचे कीर्तनकार एकच आख्यान पिढ्यान्‌पिढ्या लावीत आले. देवळाच्या मंडपात तेच 'सौभद्र' वर्षानुवर्षे रंगत आले. तेथे चोरीची भाषा कोणी केली नाही, कारण मूळ कोणाचे हे सांगूनच आरंभ होत असे.

आता पुन्हा जपानकडे वळू. प्रकरण २००५ मध्येच संपले असते तर ते लिहिण्यात आम्हांस फारसा रस नव्हता. पुढे जे घडले त्यात खरा इतिहास आहे. सुमारे दोन वर्षांच्या खंडानंतर सुएत्सुगु पुन्हा लिहू लागली, आणि ज्या संस्थेने तिची सारी पुस्तके मागे घेतली होती त्याच कोदान्शाने तिला दार उघडले. २००७ च्या अखेरीस 'बी लव्ह' या स्त्रियांच्या नियतकालिकात तिची 'चिहायाफुरु' ही कथा सुरू झाली. हीही खेळाची आणि प्रेमाची कथा. पण खेळ असा निवडला की ज्याची चित्रे उतरवून घ्यावयास फारशी कोणी काढूनच ठेवलेली नव्हती. तो खेळ म्हणजे 'कारुता'.

आपल्याकडील भेंड्यांचा खेळ ज्यांनी खेळला आहे त्यांना कारुता चटकन समजेल. 'ओगुरा ह्याकुनिन इश्शु' नावाचा शंभर कवींच्या शंभर कवितांचा एक संग्रह आहे. तो तेराव्या शतकात, १२३५ च्या सुमारास, फुजिवारा नो तेइका या कवीने केला. प्रत्येक कविता पाच ओळींची, एकतीस अक्षरांची. शंभर पत्त्यांवर या कवितांचे उत्तरार्ध लिहिलेले असतात. त्यांपैकी पन्नास पत्ते दोन खेळाडू पंचवीस-पंचवीस असे आपापल्या पुढ्यात मांडतात आणि पंधरा मिनिटांत त्यांच्या जागा मनात पक्क्या करतात. मग पाठक एकेका कवितेचा पूर्वार्ध म्हणू लागतो, आणि जो आधी योग्य पत्ता हाताने उडवील त्याचा तो डाव. कसलेले खेळाडू पहिल्या एक-दोन अक्षरांवरच झेप घेतात. कान, स्मरण आणि हात या तिघांची इतकी कसोटी लागते की हा खेळ बघताना कुस्तीची आठवण व्हावी.

आमच्या वाचकांना आणखी एक गोष्ट आवडेल. या खेळाच्या सर्वोच्च पदासाठीचे सामने दरवर्षी जानेवारीत एका देवस्थानात होतात. बिवा सरोवराकाठच्या ओत्सु नगरातील ओमि जिंगू हे ते मंदिर. १९४० साली स्थापन झालेल्या या मंदिरात तेंजि या प्राचीन सम्राटाची पूजा होते, आणि त्या शंभर कवितांतील पहिली कविता त्याच्याच नावावर आहे. 'चिहायाबुरु' हा शब्दही त्याच संग्रहातील सतराव्या कवितेच्या आरंभी येतो व तो देवतांच्या सामर्थ्याचे प्राचीन विशेषण आहे. देवळात कवितेचा खेळ होतो आणि देव तो पाहतो, ही कल्पना ज्यांच्या देवळात नाटके होतात त्या आम्हां लोकांना परकी वाटण्याचे कारण नाही.

कथेतील एका प्रसंगाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. चिहाया ही नायिका, आणि आराता व ताइचि हे तिचे दोन बालमित्र. शाळेतील सामन्यात आराता जिंकेल या भीतीने ताइचि त्याचा चष्माच पळवितो. पुढे ही गोष्ट उघड होते. पण लेखिकेने त्या मुलाला कथेतून हाकलून दिले नाही. भ्याडपणा न करणारा माणूस आपण व्हावे, ही त्याची धडपड तिने पुढे कित्येक वर्षे रंगविली. आपल्या मनातले तिने त्यात ओतले की नाही हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण तिचा पूर्वेतिहास जाणणाऱ्या वाचकाला तो प्रसंग वाचताना क्षणभर थांबावे लागते, एवढे खरे.

'चिहायाफुरु'ला २००९ साली 'मांगा ताइशो' पुरस्कार मिळाला आणि २०११ साली खुद्द कोदान्शाचा पुरस्कार. तिच्यावर चित्रपट निघाले, शाळाशाळांतून मुले कारुता खेळू लागली, आणि २०२२ साली कथा संपली तेव्हा तिचे पन्नास भाग झाले होते.

दैवाचा विलक्षण खेळ असा की, ज्या तेइकाच्या संग्रहावर ही कथा उभी आहे तोच जपानी काव्यशास्त्रात उसनवारीचा सर्वांत प्रसिद्ध स्मृतिकार आहे. जुन्या कवितेतील ओळी घेऊन नवी कविता रचण्याच्या तेथील प्रथेला 'होन्काडोरी' म्हणतात. श्रोत्यांना मूळ कविता पाठ असते, म्हणून ती चोरी न ठरता संवाद ठरतो. पण तेइकाने त्यालाही मर्यादा घातल्या : जुन्या कवितेच्या पाच ओळींपैकी दोन आणि वर तीन-चार अक्षरे, यापलीकडे घेऊ नये, विषय बदलावा, म्हणजे मूळ कविता ऋतूवर असेल तर नवी प्रेमावर करावी, आणि गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतील कवींची तर एकही ओळ उचलू नये. आमच्यासारख्या वकिलाने हा शेवटचा नियम दोनदा वाचला. आजचा भारतीय कायदा लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे त्याचा हक्क राखतो. जपानचा २०१८ च्या अखेरपासून सत्तर वर्षे. एका दरबारी कवीने केवळ रसिकतेच्या बळावर जी सीमा आखली, तिच्या जवळपासच आठशे वर्षांनी विधिमंडळे येऊन पोचली.

या साऱ्यातून आम्ही तीन गोष्टी घेतल्या. पहिली ही की, आरोप करणारा वाचक हा नेहमीच खोडसाळ नसतो. कोदान्शाच्या संपादकांना जे दिसले नाही ते वाचकांना दिसले; कारण ज्यावर प्रेम असते त्याची रेघन्‌रेघ डोळ्यांत असते. त्यांना 'गप्प बसा' म्हणणे अन्यायाचे झाले असते. दुसरी ही की, ते प्रेम फिर्यादी व्हावे, पण न्यायाधीश होऊ नये. सारखा विषय, सारखा नायक, सारखा शेवटचा सामना हा पुरावा नव्हे. सारखे वाक्य, सारखी रेघ हा पुरावा. तो शोधावयास दोन वह्या शेजारी ठेवून धीराने बसावे लागते.

तिसरी गोष्ट शिक्षेची. आमच्या धर्मशास्त्रकारांनी पापाची गणती केली तशीच प्रायश्चित्ताचीही केली. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप उघडपणे सांगणे, पश्चात्ताप, तप आणि अध्ययन यांनी मनुष्य दोषातून सुटतो असे सांगितले आहे. प्रायश्चित्त पुरे झाल्यावर त्याला पंक्तीत घ्यावयाचे असते. जन्मभर पंक्तीबाहेर ठेवणे हे शास्त्र नव्हे. कोदान्शाने शिक्षा कठोर दिली. निर्दोष पुस्तकेही नष्ट होऊ देणे हे आमच्या मते अपराधाच्या प्रमाणाबाहेर होते. पण त्याच संस्थेने दार कायमचे बंद केले नाही, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ते दार बंद राहते तर शंभर जुन्या कविता लाखो मुलांच्या तोंडी इतक्या सहज गेल्या नसत्या.

आता आमच्याकडील दोन वह्यांचे काय झाले ते सांगून हा लेख संपवितो. आम्ही त्या चार रात्री वाचल्या. गोलरक्षक, बहीण आणि गुडघा ही दोघांची गावकरीची जमीन निघाली. दोन्ही नाटकांचे प्राण वेगळे होते. पहिल्यात भावाचा अहंकार हा विषय होता, दुसऱ्यात आईची भीती. परंतु दुसऱ्या वहीत गोलरक्षकाच्या एका भाषणातील अकरा ओळी पहिल्या वहीतल्याच होत्या, एका शब्दाचाही फरक नव्हता. आम्ही त्या पोराला समोर बसविले आणि बोट ठेवले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने सांगितले की, पहिल्या लेखकाने ते भाषण एकदा मैदानावर सर्वांना म्हणून दाखविले होते, ते त्याला फार आवडले, आणि लिहिताना ते आपोआप उतरले. 'कितेंच चोरूंक ना' हे त्याचे वाक्य अकरा ओळींपुरते खोटे होते आणि उरलेल्या चाळीस पानांपुरते खरे.

आम्ही दोघांना एकत्र बोलाविले. धाकट्याने थोरल्याची क्षमा मागितली. थोरला म्हणाला, "भाषण राहू दे तुझ्याकडे, पण ते माझे आहे एवढे प्रयोगाआधी सांग." पुढच्या उत्सवात दोन्ही नाटके झाली. दुसऱ्या रात्री पडदा उघडण्यापूर्वी त्या पोराने रंगमंचावर येऊन देवाला नमस्कार केला आणि त्या अकरा ओळी कोणाच्या हे आपल्या तोंडाने सांगितले. पायऱ्यांवर निकाल देणारी मंडळी पुढच्याच रांगेत बसली होती. ते भाषण आले तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि त्या पहिल्या लेखकाने प्रथम वाजविल्या.